सर्वसहमती आणि पाच एचपीची मोटर

आळेफाट्याला उतरणारा माणूस बहुधा पुढची गाडी पकडायला उतरलेला असतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना आडवे जातात. त्यामुळे माळशेज चढून आलेला कल्याणकर, नगरला निघालेला मुंबईकर आणि नाशिकला निघालेला पुणेकर असे तिघंही एकाच टपरीवर एकाच चहाला नावं ठेवत उभे असतात. कुणी मासवडी-रस्सा हाणतो, कुणी कांद्याचा भाव विचारतो आणि जो तो आपापल्या दिशेला लागतो. इथे कायमचं राहायचं म्हणून पुण्याहून सामानसुमान घेऊन कुणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. ते आम्ही करून दाखवलं. निदान सामानापुरतं तरी.

आमच्या गटाचं मूळ पुण्यातल्या एका गच्चीवर आहे. तिथे रविवारी सकाळी कोथिंबीर, गांडूळखत आणि जगाचा अंत या विषयांवर चर्चा व्हायची. साडेअकराच्या सुमारास जगाचा अंत निश्चित झाला की पोहे यायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. कॉम्प्युटरला कंटाळलेला सॉफ्टवेअरमधला एक मुलगा होता. एक योगशिक्षिका होत्या. मुलांना शाळेत घालायचं नाही यावर एकमत असलेलं आणि मग घरी शिकवणार कोण यावर रोज भांडणारं एक जोडपं होतं. आणि एक मॅडम होत्या, ज्यांचा व्यवसायच दुसऱ्यांच्या बैठका सुरळीत चालवून देण्याचा होता. एके रविवारी असं ठरलं की बोलणं पुष्कळ झालं, आता इकोव्हिलेज काढायचं.

या मंडळीत मी कशाला, असा प्रश्न माझ्या बायकोलाही पडला होता. (गॅलरीतली तुळस माझ्या देखरेखीखाली दोनदा गेली आहे.) कारण सरळ होतं. माझ्याकडे सातबारा होता. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो; 1948 च्या कुळकायद्याचं 63 वं कलम तसं सांगतं. गटातले सगळेच निसर्गाच्या कुशीत शिरायला निघाले होते, पण तलाठ्याच्या दफ्तरी कुशीत जागा असलेला मी एकटा. गाव सोडल्यापासून मी शेतकरी आहे ही गोष्ट फक्त त्या सातबाऱ्यालाच माहीत होती. मी मात्र गच्चीवर असा बसू लागलो की जणू आत्ताच औत सोडून आलोय.

जमीन आळे गावाच्या अंगाला, फाट्यापासून थोडी आत. वडिलोपार्जित. कसणारे माझे चुलते, नाना. त्यातली विहिरीजवळची दोन एकर माझ्या वाटणीची. "प्रयोगासाठी हवीय," असं मी फोनवर म्हणालो तेव्हा नाना एवढंच बोलले, "तुझीच हाय. पर प्रयोग म्हंजे कांदा का टमाटा?"

पुढचे काही महिने वाचनात गेले. या काळात आम्ही सगळ्यात सुखी होतो. ऑरोव्हिलचं वाचलं. 28 फेब्रुवारी 1968 ला 124 देशांची माती एका कलशात घालून त्याची स्थापना झाली. आमच्याकडे निदान पेठापेठांतली माती आणावी असा एक प्रस्ताव लगेच आला. ते नगर पन्नास हजार लोकांसाठी आखलं होतं आणि अर्धं शतक उलटूनही तिथली वस्ती साडेतीन हजारांच्या आतच आहे, हा आकडा साहेबांनी वाचून दाखवला, पण तो कुणी मनावर घेतला नाही. मग टॉलस्टॉय फार्म. 1910 मध्ये हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन गांधीजींना सत्याग्रहींसाठी वापरायला दिली. कॅलनबाख पेशाने वास्तुशिल्पी. ते ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले, मग त्यांच्याकडून बॅरिस्टर गांधी शिकले आणि आश्रमात चपलांचं काम सुरू झालं. हे वाचून गट हेलावून गेला. चपला शिवण्याची कार्यशाळा तत्काळ कॅलेंडरवर चढली. त्याच फार्मवर पाणी लांबच्या झऱ्यावरून कावडीने आणावं लागे आणि संडाससफाईही ज्याची त्याने करायची असे, हा मजकूर त्याच पुस्तकात पुढच्या भागात होता. तिथवर आमचं वाचन पोचलं नाही.

नानांना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. इकोव्हिलेज म्हणजे काय हे समजावताना म्हटलं, पर्यावरणाचा तोल सांभाळून समृद्ध झालेलं गाव. नाना म्हणाले, "ती येऊन गेली की." मला वाटलं ते कुठल्या बाईविषयी बोलताहेत. ते बोलत होते 2010 साली राज्य सरकारने काढलेल्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेविषयी. गावाच्या लोकसंख्येएवढी झाडं लावा आणि जगवा, करवसुली करा, प्लास्टिक बंद करा, हागणदारी बंद करा, मग अनुदान. आम्ही ज्याचा शोध लावल्याच्या आनंदात होतो ते शासननिर्णय होऊन, अंमलबजावणी होऊन, आढावा बैठकीसकट पार पडलेलं होतं. "झाडं लावायला आख्खं गाव आलं," नाना म्हणाले, "पानी घालायला शिपाई."

तरीही आम्ही गेलो. पहिला कार्यक्रम सामायिक व्हिजन ठरवण्याचा. मॅडमनी रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणले होते. प्रत्येकाने डोळे मिटून वीस वर्षांनंतरचं आपलं गाव पाहायचं आणि जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहून गोठ्याच्या भिंतीला चिकटवायचं. भिंत शेणाने सारवलेली, चिठ्ठ्या धरेनात. शेवटी नानांनी बाभळीचे काटे आणून दिले आणि आमची स्वप्नं एकेका काट्याने टोचून उभी राहिली. त्यात एका बाईंचं तळं होतं, तळ्यात कमळं होती. मातीची घरं होती. एका चिठ्ठीवर नुसतं 'शांतता' होतं. ते लिहिणाऱ्या बाईंनी त्याच रात्री पलीकडच्या देवळातल्या हरिपाठाचा स्पीकर बंद करता येईल का अशी चौकशी केली. मी डोळे मिटल्यावर मला स्वतःचाच फोटो दिसला. पागोटं घातलेला, मागे सूर्यास्त. मी चिठ्ठीवर 'मुळांकडे परतणं' असं लिहिलं. टाळ्या पडल्या.

मग या सगळ्यातून एक वाक्य काढायचं होतं. एकच. ज्यात सगळे असतील. इथे सांगायला हवं की आमच्या आळ्यात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा पुढे भावंडांबरोबर येताना आळ्यात देह ठेवता झाला, अशी श्रद्धा आहे आणि समाधीला मोठी यात्रा भरते. तेव्हा रेड्याकडून वेद निघू शकतात याबद्दल या पंचक्रोशीत शंका नाही. पण पुण्याहून आलेल्या आम्हा सुशिक्षितांकडून सूर्य बुडेपर्यंत ते एक वाक्य काही निघालं नाही. 'स्वावलंबी' लिहिलं की साहेब म्हणायचे, मग वीजजोडणी का घेतलीय? 'साधी राहणी' लिहिलं की योगशिक्षिका म्हणायच्या, साधी म्हणजे नेमकी कुणाची? सॉफ्टवेअरवाल्याला 'शाश्वत' चालत नव्हतं, कारण तो शब्द त्याच्या कंपनीच्या भिंतीवरही होता. दिवेलागणीला जे तयार झालं त्यात एकही पूर्णविराम नव्हता आणि क्रियापद शोधायला बॅटरी लागली. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. नाना गाईची धार काढत होते. धार थांबवून म्हणाले, "चांगलं हाय. यात हिर कुठं आली?"

विहीर आली नव्हती.

मॅडमनी त्या रात्री डायना लीफ ख्रिश्चन या अमेरिकन बाईंच्या पुस्तकातलं एक निरीक्षण सांगितलं. असल्या वसाहती उभारायला निघालेल्या गटांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांना आढळलं की दहातला जेमतेम एक गट तडीस जातो. बाकीचे जागेवरून, पैशावरून, आणि सुरुवातीला न बोललेल्या गोष्टींवरून मोडतात. हे ऐकून आम्ही सगळे गंभीर झालो आणि मनातल्या मनात त्या नऊ गटांची कीव केली.

दुसऱ्या महिन्यात भूमिका वाटप. इथे मॅडमचा आग्रह असा की काम द्यायचं नाही, माणसाने आपली आतली हाक ओळखायची. कागदावर वर्तुळं काढली: मला काय आवडतं, मला काय येतं, जगाला काय हवंय. जिथे वर्तुळं एकमेकांत शिरतात ती आपली भूमिका. पद्धत वाईट नाही. पण माणूस पहिल्या वर्तुळात इतका रमतो की दुसऱ्यात लिहायला शाई उरत नाही. योगशिक्षिका 'स्वास्थ्यसखी' झाल्या. साहेबांना हिशेब सोडून काहीही चालणार होतं. ते 'कथाकार' झाले. सॉफ्टवेअरवाला 'बीजरक्षक'. जोडपं 'जीवनशिक्षण'. मॅडमनी स्वतःकडे 'अवकाश धरून ठेवणं' घेतलं, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत धरून ठेवला हे मान्य करावं लागेल. मी 'ग्रामसंवाद' घेतला. म्हणजे नानांशी बोलणं. आजवर माझा आणि नानांचा संवाद 'कधी आलास' आणि 'कधी जानार' या दोन वाक्यांत उरकत असे, पण वर्तुळांमध्ये ते कुठे लिहायचं असतं?

यादी गोठ्याच्या दाराला लावली. नानांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "आन् मोटर कोन चालू करनार?"

यामागे काय आहे ते शहरी वाचकाला सांगितलं पाहिजे. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची लाईट असली की मध्यरात्री उठून विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची आणि मग वाफ्यावाफ्यातून दारं धरायचं. म्हणजे एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. हे पहाटेपर्यंत. आणि हे जुन्नर तालुक्यात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. उसात त्याला आडोसा, पाणी आणि गावातली कुत्री असं सगळं एका जागी मिळतं. मादी उसातच पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी टोळीवाल्यांना ती सापडतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. रात्री नको, दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि तिच्यामागे माणसं गमावलेली घरं आहेत. तो विनोदाचा भाग नाही. विनोदाचा भाग एवढाच की आमच्या वर्तुळांत ही भूमिका कुणाच्याच आतल्या हाकेत आली नाही.

मध्यंतरी आम्ही हिवरे बाजार पाहून आलो. फाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. 1989 मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले आणि गावाने पुढे जे केलं ते आता शाळेच्या सहलींनाही माहीत आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. मला भिडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचं आणि मग ग्रामसभेत ठरवायचं की यंदा रब्बीत काय पेरायचं आणि काय नाही. शेतीला बोअरचं पाणी नाही, ऊस-केळी नाही. आम्ही त्यांचं व्हिजन भिंतीवर कुठे लिहिलंय ते शोधत होतो. भिंतीवर पाण्याचे आकडे होते.

परतल्यावर साहेबांनी कथा बाजूला ठेवून लॅपटॉपवर आमचा ताळेबंद मांडला. आमची विहीर मार्चनंतर तास-दीड तासात उपसते. त्यात नानांचा कांदा, चार जनावरं, आमची फळबाग, साडेतीन गुंठ्यांचं कमळांचं तळं आणि 'नैसर्गिक जलतरण' असं एक खातं. बेरीज केल्यावर साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बँकेत कर्ज नामंजूर करताना वापरत असतील त्या आवाजात म्हणाले, "कमळं काढावी लागतील." कमळवाल्या बाईंनी याला संमती दिली नाही.

आणि आमच्याकडे निर्णय सर्वसहमतीनेच व्हायचा. ही कल्पना आम्ही गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावावरून घेतली होती. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलते. त्याआधी अभ्यासगट विषयाचा कीस पाडतो. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे, तेव्हा पद्धतीत दम आहे. पण मेंढ्यात न पटलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात जातो. आमच्याकडे न पटलेला माणूस रविवारी संध्याकाळी पुण्याला जायचा आणि सहमती पुढच्या शनिवारवर जायची. या पद्धतीने आम्ही एक पाण्याची टाकी कुठल्या रंगाची घ्यावी हे ठरवत असताना मृग गेला.

सॉफ्टवेअरवाल्याने मोटरवर तोडगा काढला होता. मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर मिळतो, पुण्यात बसून मोटर चालू करता येते. तालुक्यात कितीतरी जणांकडे तो आहे. गटात यावर तीन आठवडे चर्चा झाली. जमिनीशी आपलं नातं एका बटणावर येणार का, असा प्रश्न कुणीतरी अतिशय कळकळीने मांडला. तो कुणीतरी मीच होतो. सगळे अंतर्मुख झाले. स्टार्टर नामंजूर. आणि जमिनीशी नातं कुणाचं, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचं, म्हणून रात्रीची मोटर ग्रामसंवादाकडे आली.

पहिल्या रात्री लाईट बाराच्या पुढे आली. डोक्याला बॅटरी, हातात काठी, खिशात मोबाइल आणि त्यावर मोठ्या आवाजात कीर्तन. माणसाचा आवाज असला की बिबट्या फिरकत नाही असं नानांनी सांगितलं होतं. विहिरीवर पोचलो, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर फिरली, पण पाणी येईना. नुसती घरघर. फूटव्हॉल्व्हला पाला अडकून पाइपातलं पाणी खाली उतरलं असणार, हे मला लहानपणीचं आठवलं आणि स्वतःचा अभिमान वाटला. मोटर बंद केली, नट काढला, बादलीने पाइपात पाणी ओतायला लागलो. पाइप भरत आला की व्हॉल्व्हमधून ते खाली जायचं. ओतत राहायचं, ओतत राहायचं. बादलीची कडी मोडलेली, म्हणून दोन्ही हातांनी धरायची, म्हणून काठी खाली, म्हणून बॅटरीचा झोत फक्त पाइपाच्या तोंडात. आणि त्यात मोबाइलची बॅटरी संपत आली तसं कीर्तन थांबवलं.

तेवढ्यात शेजारच्या उसात काहीतरी मोडलं. कडाकड असं. थांबलं. पुन्हा मोडलं.

मी मोटरीच्या पत्र्याच्या खोपीवर कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. पूर्वी कधी चढलो नव्हतो, नंतर उजेडात प्रयत्न केला तेव्हा जमलं नाही. वरून मी नानांना फोन लावला. तो उचलेपर्यंत काहीतरी करावं म्हणून गटाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं, 'विहिरीवर आहे. उसात बिबट्या. मदत.' मध्यरात्र असून उत्तरं भराभर आली. एकाने हात जोडले. एकाने लिहिलं, मुळात हे त्यांचंच घर आहे, पाहुणे आपण. योगशिक्षिकांनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मॅडमनी विचारलं, मदत म्हणजे तुला नेमकी काय अपेक्षित आहे ते स्पष्ट मांडशील का? साहेबांनी वनखात्याला कळवावं असं सुचवलं आणि लगेच, यावर कुणाची हरकत नसेल तर, अशी पुस्ती जोडली. हरकतीची वाट पाहणं सुरू झालं.

नाना आले ते टोपी-बंडीत, एका हातात घुंगुरकाठी आणि दुसऱ्या हातात फटाक्याची माळ. उसाच्या कडेला उभं राहून त्यांनी नुसती हाळी दिली. ऊस पुन्हा मोडला आणि बाहेर आली शेजाऱ्याची दावं तोडलेली कालवड. तोंडात वाढं. नानांनी तिला कानाला धरून बांधाला लावलं, माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "पानी धरलं का मोटरीनं?"

दुसऱ्या दिवशी गावात मला कुणी काही म्हणालं नाही. फक्त फाट्यावरच्या चहावाल्याने चहा देताना विचारलं, "खाली घेताय का वरतीच आनू?"

त्या हिवाळ्यात नानांनी आम्हा सगळ्यांना आण्याला नेलं. आळेफाट्याच्या पूर्वेला आणे पठार, पाण्याची कायम ओढ असलेलं. तिथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. प्रचंड कढयांतून आमटी शिजते, भाकरी आसपासच्या घराघरांतून येतात आणि माणसं पंगतींवर पंगती जेवतात. मॅडम वही घेऊन निघाल्या होत्या. एवढ्या कामाचं नियोजन कोण करतं, बैठक केव्हा होते, भूमिका कशा ठरतात, याची त्यांनी चौकशी केली. ज्याला विचारलं तो सरपण वाहत होता. त्याला प्रश्न कळेना. "आमच्याकडं सरपान असतं," तो म्हणाला आणि पुढे गेला. त्यांच्या घराकडे सरपण, कुणाच्या घराकडे मसाला, कुणाकडे वाढप. साहेब लगेच भाकरीच्या पाट्या मोजायला बसले आणि उठेचनात. इतके खुश मी त्यांना कथा सांगताना कधी पाहिले नव्हते. मला वाढायला आमटीची बादली दिली. पहिल्याच पंगतीत मी एका म्हाताऱ्या बाबांच्या भाकरीऐवजी त्यांच्या धोतरावर आमटी वाढली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी शेजारच्या पोराला सांगितलं, "ह्याच्याकडली बादली घे, आन् ह्याला जेवाय बसव. पुण्याचा दिसतोय." ती भूमिका मी चांगली निभावली. आमटी जहाल होती. मी तीनदा मागून घेतली.

नंतर पांगापांग झाली ती कुठल्या भांडणावरून नाही. शाळेत न घातलेल्या मुलांनी शाळेत जायचा हट्ट धरला, त्यांना पुण्यात प्रवेश मिळाला. कमळवाल्या बाई केरळात गेल्या. मॅडमना दुसऱ्या एका गटाने व्हिजन ठरवायला बोलावलं. बीजरक्षक मात्र राहिला. आता तो गावातल्या लोकांचे मोबाइल स्टार्टर बसवून देतो, दुरुस्तही करतो आणि त्याचे पैसे घेतो. कॉम्प्युटरपासून पळालेला मुलगा पुन्हा सर्किटातच गेला, पण आता त्याला झोप लागते म्हणतो. साहेब महिन्यातून आठवडाभर येऊन बायकांच्या बचतगटाच्या वह्या तपासतात. योगशिक्षिका अधूनमधून येतात. कांदा काढून कंबर धरलेल्या माझ्या चुलतीला त्यांनी दोन आसनं शिकवली आणि चुलतीने त्यांना खुरपं धरायला.

दोन एकरांचं काय, असं कुणीही विचारील. 2021 पासून पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवायची असते. शेतात उभं राहायचं, पीक निवडायचं, फोटो काढायचा. सातबारा माझा, म्हणून हे काम माझं. शेतात तेव्हा तूर होती, शेवगा होता, पपईची तीन रोपं, भोपळ्याचा एक वेल, कमळांसाठी खणलेला आणि आता नानांच्या म्हशीने पसंत केलेला खड्डा, आणि बाकी सगळीकडे गवत. अॅप विचारत होतं, मुख्य पीक कोणतं? मी गटावर विचारलं. गट अजून आहे. बाहेर कुणी पडलेलं नाही, कारण त्यालाही सर्वसहमती लागते. एकाने लिहिलं की मुख्य आणि दुय्यम ही भाषाच चुकीची आहे. कुणी 'जैवविविधता' असं सुचवलं. केरळहून 'कमळ' आलं. मुदत त्या संध्याकाळी संपत होती, नेटवर्क एकाच दांडीवर होतं आणि नाना बांधावर उभे राहून घाई करत होते. मी यादी खाली सरकवत गेलो आणि जे खरं होतं ते निवडून फोटो काढला.

तेव्हा आमच्या इकोव्हिलेजची शासनदरबारी नोंद झालेली आहे. गाव नमुना बारा, क्षेत्र दोन एकर, शेरा: चालू पड.